पोरीला आणायला कोण जाणार

हातातला लोटा कलला आणि सगळं पाणी योगराज नानांच्या पायावर सांडलं. सकाळचे साडेसात झाले होते, ऊन अजून मागच्या भिंतीच्या वरच्या दोन विटांवरच होतं, आणि गिलक्याच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, वेलाच्या बुंध्याशी बेताबेतानं पाणी सोडायची ही त्यांची आवडती वेळ होती. तेवढ्यात शेजारच्या ताईबाईंनी भिंतीवरून डोकं काढून, चार मिरच्या मागाव्यात इतक्या सहज विचारलं, "नाना, आखाजी चार रोजवर उनी. पोरले लेवाले कोन जाई राह्यनं?" नाना म्हणाले, "येई ना ती." ताईबाई म्हणाल्या, "मूळ धाडं नही तं पोर कशी येई, नाना?" एवढं म्हणून, गॅसवर दूध ठेवल्याचं आठवल्यासारख्या त्या आत निघून गेल्या. नाना ओल्या पायांनी तसेच उभे राहिले. वेलावर सकाळची पिवळी फुलं उमलली होती, त्यांच्यावर एक काळा भुंगा गुणगुणत होता, आणि धुळ्यात देवपूरच्या त्या दहा फूट बाय चौदा फुटांच्या परसात नानांना एकदम असं वाटलं की आपण फार मोठं काहीतरी विसरलो आहोत, आणि ते आज नव्हे, पुष्कळ दिवसांपूर्वी विसरलो आहोत.

खरं तर हा सगळा खटाटोप त्या पोरीसाठीच होता. नाना एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. मागच्या मे अखेर निवृत्त झाले तेव्हा त्यांची बायको बेबाबाई म्हणाल्या होत्या की आता तरी घरी बसा, माझ्या हाताखाली काम करा, मी तुम्हाला भाजीपाला शिकवते. नानांनी हसून ते पावसाळ्यावर ढकललं, मग दिवाळीवर ढकललं, आणि कार्तिकात बेबाबाई तीन दिवसांच्या तापानं गेल्या. माणसानं काम पुढं ढकलावं आणि शिकवणाऱ्यानंच उठून जावं, याचा राग कुणावर काढायचा हे नानांना अजून ठरवता आलेलं नव्हतं. तेराव्याला लेक भाविका सासरहून, शिरपूरहून, आली होती. माणसं पांगल्यावर ती मागच्या दारात उभी राहिली. परसात वाळकी काटकं, चुलीतल्या राखेचा ढीग आणि एक उपडी बादली. "सगळं वाळलं, नाना," एवढंच ती म्हणाली आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली. त्या दोन शब्दांनी नानांचा मार्गशीर्ष, पौष आणि माघ खाल्ला. होळीच्या आधी त्यांनी फडताळातला चहाचा डबा उघडला. त्यात चिंध्यांच्या गाठी होत्या, प्रत्येक गाठीत राखेत घोळलेलं बी. कुठल्या गाठीत काय, हे फक्त बेबाबाईंना ठाऊक. नानांनी ते सगळंच पेरलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोर माहेरी येईल, मागचं दार उघडेल, तेव्हा तिला हिरवं दिसलं पाहिजे. साठीला टेकलेल्या माणसाच्या आयुष्यात त्या उन्हाळ्यात दुसरं कुठलं काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरी कुठली इच्छाही नव्हती.

शिकणं मात्र सोपं गेलं नाही. एसटीतल्या माणसाला सगळं वेळापत्रकानं व्हावंसं वाटतं. आठव्या दिवशी कोंब आले नाहीत म्हणून नानांनी एका आळ्यातली माती उकरून बघितली, आणि जे कोंब येऊ घातले होते ते त्यांच्याच नखानं मोडले. भेंडी दाट आली, ती विरळ करायला जीव धजेना, मग सगळीच भेंडी रोडावली. पोकळा तेवढा भरभरून आला. गिलक्याचा वेल मांडवावर चढला, पिवळाधमक फुलला, पण फळ धरेना. काही फुलांच्या मागं बोटभर गिलकं दिसायचं आणि बाकीच्या फुलांच्या मागं नुसता देठ. ही नुसत्या देठाची फुलं फुकटची पाणी पितात, असा हिशेब करून नानांनी आठवडाभर रोज सकाळी ती निगुतीनं खुडून टाकली. सुपात फुलांचा ढीग बघून ताईबाईंनी कपाळावर हात मारला. "हाई काय करी ठेयं, नाना? नरफुलं खुडी टाकात तं गिलकं काय आभायमाईन पडी का?" पुढं दोन दिवस गल्लीतल्या बायका नानांकडे बघून पदराआड हसत होत्या. नानांनाही हसू आलं, पण हसता हसता त्यांना जरा वाईटही वाटलं, कारण ही गोष्ट बेबाबाईंना सांगता आली असती तर त्या निदान आठ दिवस तरी हसल्या असत्या.

चैत्र लागला आणि ऊन असं तापलं की दुपारी पानं पापडासारखी वाजायला लागली. हिरवी जाळी आणायला जावं तर दुकान बाजारात, आणि वेलाचा जीव तर आत्ताच चालला होता. नानांनी पेटी उघडली. बेबाबाईंचं घरी नेसायचं अंजिरी लुगडं त्यात घडी घालून ठेवलेलं होतं. ते बाहेर काढताना त्यांचे हात थबकले, पण बाई असती तर तिनंच हे फाडून बांधलं असतं, याची त्यांना खात्री होती, आणि ते न फाडता अख्खंच त्यांनी मांडवावर ताणून बांधलं. तेव्हापासून दुपारी परसात अंजिरी सावली पडायची. नळ चौथ्या दिवशी, तोही भर दुपारी यायचा. पायरीखालची मोटर लावायची, पिंपं भरायची आणि पुढचा नळ येईपर्यंत त्यातलं पाणी लोट्यालोट्यानं पुरवायचं. अंघोळीचं पाणी भेंडीला जायचं, भांड्यांचं पोकळ्याला, तांदूळ धुतलेलं गिलक्याला. दुपारी नाना त्या अंजिरी सावलीत पोतं टाकून बसायचे. बायको गेल्यानंतर तिच्यासोबत इतका वेळ घालवतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात यायचं, आणि मग पोत्यावरून उठून उगाच एखाद्या आळ्याची माती सारखी करायचे.

पण लेकीला आणायला मूळ म्हणून कोण जात होतं? नाना आत येऊन खाटेवर बसले. भाविकाच्या लग्नाला चार वर्षं झाली, चार आखाज्या झाल्या, आणि चारही आखाज्यांना पोर घरी होती. हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. उन्हाळ्याची गर्दी, लग्नसराई, जादा गाड्या. आखाजीला कंडक्टरला रजा मिळाली असं एकतीस वर्षांत घडलं नव्हतं. रात्रपाळी करून यावं तर पोर ओसरीवर झोक्यावर बसलेली असायची, तिच्या पायाला मेंदी, घरात खापरावरच्या पुरणपोळ्यांचा वास. आखाजी आली की आंबे येतात तशी पोरही येते, अशी काहीतरी त्यांची समजूत झाली होती. भाविकाला भाऊ नाही. मग सासरी जाऊन, चार माणसांत बसून, आमची लेक धाडा असं म्हणायला गेलं कोण? बेबाबाईंचा भाऊ अभिमन? त्याचे तर गुडघे धरलेले, तो साक्रीपलीकडे कुठे जात नाही. आणि मग, पंखा डोक्यावर करकरत असताना, नानांना गर्दीनं ठेचून भरलेली शिरपूर गाडी आठवली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळं गाडीत बायकाच बायका. नाना मशीन घेऊन वाट काढत पुढं सरकत होते. मागून तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, मांडीवर तट्ट फुगलेली कापडी पिशवी आणि पिशवीतून दोन गिलक्यांची डोकी बाहेर. "एक शिरपूर, अर्धं," आवाज ओळखीचा. वर बघतात तर बायको. ती हसत होती. नानांनी तिकीट दिलं, "इकडे कुठे?" असंही विचारलं नाही, कारण मागं पाच माणसं तिकिटासाठी हात पुढं करून उभी होती आणि सोनगीर जवळ आलं होतं. शिरपूरला उतरताना ती दारात क्षणभर थांबली, काही बोलेल असं वाटलं, पण नानांनी घंटी दिली. संध्याकाळच्या फेरीला ती परत होती, शेजारी भाविका. दोन तिकिटं दिली. पोर म्हणाली, "नाना, पाणी पिता का?" नाना म्हणाले, "नंतर." त्यांना हे सगळं लख्ख आठवलं, भाविकाच्या हातातल्या बाटलीचं निळं झाकणसुद्धा, आणि इतकं लख्ख दिसत असताना त्या वेळी त्याचा अर्थ कसा लागला नाही, याचं त्यांना नवल वाटलं. पोरीचा बाप गाडीत उभा आणि आई मूळ होऊन चाललेली. आपल्याला वाटलं होतं की बायको पोरीला भेटायला चालली आहे, हौसेनं.

ते उठून ताईबाईंच्या दारात गेले. विचारायला लाज वाटत होती, तरी विचारलं. ताईबाई गहू निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. दर वर्षी बेबाच जायची, त्यांनी सांगितलं. तिकडच्या बायका पहिल्या वर्षी हसल्या होत्या, आई कुठे मूळ येते का म्हणून. बेबा म्हणाली होती की भाऊ नाही तर नाही, तिच्या हातची भाजी तर आहे. भाजी घेतल्याशिवाय कधी गेली नाही. नानांनी घसा खाकरून विचारलं की मग मला का नाही सांगितलं. तेव्हा ताईबाईंनी सूप खाली ठेवलं. "मीबी तिले तेच सांगं. तं ती म्हने, मना माणूस बठ्ठी दुनियाले घर पोचाडस, त्याले कोठे येळ शे." ताईबाई हे बोलल्या त्यात टोमणा नव्हता, आणि बेबाबाई बोलल्या असतील त्यातही नसणार, हे नानांना ठाऊक होतं. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला उत्तर तरी देता आलं असतं.

दुपारी त्यांनी फोन लावला. भाविकानं लगेच उचलला, जणू फोन हातातच होता. तब्येत, ऊन, पाणी, जावयांची मिलमधली पाळी, सगळं झालं. नानांना म्हणायचं होतं की पोरी, ये. तोंडातून निघालं, "गिलके लागले." ती म्हणाली, "हो का? छान." आखाजीचं काय, असं त्यांनी शेवटी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बघू, नाना. इकडं पापडांचं काम काढलंय." फोन ठेवल्यावर नाना त्या 'बघू'जवळच अडकून बसले. हा शब्द त्यांनी आयुष्यभर प्रवाशांना ऐकवला होता, जागा मिळेल का, बघू; गाडी थांबेल का, बघू; आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच होता. त्यांना भीती वाटली. ही पोर येत होती ती आईकडे. आई गेली, आता या घरात उरलं काय? एक बाप, ज्याला धुळे ते शिरपूर मधले सगळे थांबे पाठ आहेत आणि पोरीला वरणात गूळ आवडतो की नाही हे सांगता येत नाही. अशा घराला कोणी माहेर म्हणत असेल का? आखाजीला गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, आणि यंदा बेबाबाईंच्या नावाची पहिली घागर भरायची होती. ती आपण एकट्यानं भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आणि मग मागं जाऊन पोकळ्याला पाणी घालायचं. हे चित्र त्यांना इतकं स्पष्ट दिसलं की ते खाटेवरून उठलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भाजी खुडली. पोकळ्याच्या दोन जुड्या, ओंजळभर भेंडी, सहा काकड्या आणि गिलकी. एक गिलकं मांडवाच्या कोपऱ्यात लोंबत होतं, हातभर लांब, मनगटाएवढं जाड. नरफुलांच्या घोटाळ्यातून वाचलेलं ते पहिलं फळ, म्हणून नानांनी ते कौतुकानं वाढू दिलं होतं. तेही घेतलं. गाडीत कंडक्टर मुलगी होती. तिनं त्यांना ओळखलं आणि उभं राहून नमस्कार केला. नाना मागून तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या माणसाला गाडी किती वेगळी दिसते, हे त्यांना एकतीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. सगळ्यांच्या पाठीच तेवढ्या दिसतात. नगाव गेलं, सोनगीर गेलं, नरडाणा गेलं. सावळद्याच्या पुलावर तापीचं थोडंसं पाणी उन्हात चकाकलं. नाना मनात वाक्य जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं. 'पोरीला आखाजीला पाठवा.' एवढंच म्हणायचं, त्यात अवघड काय? पण देणारा माणूस कधी मागायला बसला की त्याची जीभ लुळी पडते. नानांनी आयुष्यभर जागा दिल्या होत्या, तिकिटं दिली होती, कुणाकडे कधी काही मागितलं नव्हतं.

भाविकाच्या सासूबाई, तानुबाई, ओसरीतच होत्या. पापड खरंच वाळत होते. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला, पंखा त्यांच्याकडे वळवला. जावई पाळीला गेलेले. भाविका आतल्या दारात येऊन उभी राहिली, तिनं वाकून नमस्कार केला आणि चौकटीला टेकली. ती वाळली होती. नानांनी उन्हाचा विषय काढला, पापडांचं कौतुक केलं, शिरपूरच्या नव्या बसस्थानकाबद्दल दोन वाक्यं बोलले. तानुबाई वाट बघत होत्या, त्यांना सगळं माहीत होतं आणि त्या मदत करणार नव्हत्या, कारण ते वाक्य मूळ आलेल्या माणसानंच म्हणायचं असतं. नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. "अक्का," ते म्हणाले, "आखाजीनं मूळ म्हनीसन उनू मी. मनी पोरले धाडा." आवाज नको तितका मोठा निघाला, गाडीतल्या मागच्या बाकापर्यंत जावा तसा. तानुबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय ते नानांना कळेना. मग त्या म्हणाल्या, "परवादिनपाईन ती दारकडेच देखी राह्यनी, नाना. लई जा तिले."

भाविका पिशवीपाशी येऊन बसली. एकेक भाजी काढून बघायला लागली, आईच्या पिशवीतली बघत असेल तशी. काकडी हुंगली, भेंडी मोडून बघितली. मग ते मोठं गिलकं हातात आलं. तिनं ते दाबून बघितलं, कानाशी हलवलं. "नाना, हे कोण खाणार? याच्यात नुसती जाळी झाली. याच्यानं अंग घासतात." नाना म्हणाले की असू दे, मोठं आहे म्हणून आणलं. पोर हसायला लागली आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. गिलकं तसंच मांडीवर धरून ती म्हणाली, "मला वाटलं, आता कोणी येणार नाही." नानांना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण मध्ये पिशवी होती, म्हणून त्यांनी तिच्या हातातलं गिलकंच घट्ट धरलं, आणि बाप-लेक त्या निरुपयोगी भाजीची दोन टोकं धरून तानुबाईंच्या ओसरीत बराच वेळ बसून राहिले.

आखाजीच्या दिवशी सकाळी दोघांनी घागर भरली. भाविकानं आईचं नाव घेतलं, नानांना घेता आलं नाही. पुरणपोळ्या ताईबाईंनी भिंतीवरून दिल्या, आमरस पोरीनं करायला घेतला तर नानांनी तिला हाताला धरून उठवलं. माहेरी आलेल्या लेकीनं चुलीपाशी जायचं नसतं, एवढं त्यांना माहीत होतं. गिलक्याची भाजी त्यांनीच केली. मीठ जास्त झालं. भाविकानं दोनदा मागून घेतली. आली त्या दिवशी तिनं मागचं दार उघडलं तेव्हा नाना मुद्दाम आतच थांबले होते. ती अंजिरी सावलीत गेली, वर बघितलं, लुगड्याचा काठ हातानं जरा सरळ केला, आणि परत आली. आखाजीचं जेवण झालं, ताट तिथंच राहू दिलं, आणि पुढच्या खोलीत दाराच्या वाटेवरच, नुसत्या फरशीवर, दंडाची उशी करून ती आडवी झाली. पाच मिनिटांत झोपली, बेबाबाईंच्या बोलीत 'जपली'. तोंड अर्धवट उघडं, एक पाय लांब, केस विस्कटलेले, पदराची शुद्ध नाही. नाना ताट घासून आले आणि दारात थबकले. सासरी बाई अशी झोपत नाही. तिथं ती कुशीवर, पाय आखडून, एक कान जागा ठेवून झोपते, हे त्यांना बेबाबाईंनी कधीतरी सांगितलं होतं. हे असं झोपणं एकाच घरी होतं.

अडीच वाजता नळ आला. पायरीखालच्या पाइपात खरखर ऐकू आली. पिंपं कोरडी होती, कालपासून वेल माना टाकून होता, आणि आता पाणी घेतलं नाही तर पुढचे चार दिवस परसात एक थेंब मिळणार नव्हता. एवढ्या उन्हात चार दिवस म्हणजे सगळं संपलं. मोटर लावली की अख्खं घर थरथरायचं, फरशीसकट. नाना बटणापाशी गेले, बोट ठेवलं, आणि पोरीकडे बघितलं. ती झोपेत काहीतरी पुटपुटली आणि दुसऱ्या कुशीला वळली. त्यांनी बोट काढून घेतलं. हळूच मागं जाऊन पोत्यावर बसले. गल्लीत घरोघरी मोटरी सुरू झाल्या होत्या, फक्त यांचं घर गप्प होतं. ताईबाईंचं डोकं भिंतीवर आलं. नळ चालला, त्या म्हणत होत्या, मोटर लावा, नाना, वेल मरेल. नानांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला, ताईबाई," ते म्हणाले. "पोर जपेल शे."